झेराह वारहाफ्टिग (१९०६-२००२)

इस्रायलच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे झेराह वारहाफ्टिग हे धार्मिक झायोनवादी पक्षाचे नेते व कायदेपंडित होते. जन्म सध्याच्या बेलारूसमधील व्होल्कोविस्क येथला. १९४९ ते १९८१ ते क्नेसेटचे सदस्य होते.

आमच्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य मंत्रिपदापूर्वीचे आहे. पोलंडवरील जर्मन आक्रमणानंतर ते लिथुआनियात आश्रयाला आले. १९४० च्या उन्हाळ्यात कौनास येथील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांच्याकडे यहुदी निर्वासितांसाठी रदबदली करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. डच प्रतिनिधी यान झ्वार्टेंडाइक यांनी दिलेल्या कुरासाओ बेटाच्या दाखल्यांवर जपानमार्गे जाण्याचे परवाने मागण्यात आले. (कुरासाओला जाण्याचा बेत अर्थातच क्वचितच कोणाचा असेल!) सुगिहारांनी वरिष्ठांची संमती नसतानाही दोन हजारांवर परवाने लिहून दिले.

१९६१ ते १९७४ वारहाफ्टिग धर्मव्यवहारमंत्री होते. १९६७ च्या युद्धानंतर जेरुसलेममधील पवित्र कबरेचे मंदिरही इस्रायलच्या ताब्यात आले. त्याच जूनमध्ये झालेल्या कायद्याने सर्व धर्मांच्या पवित्र स्थळांना संरक्षण व भाविकांना मुक्त प्रवेश दिला. विटंबनेस सात वर्षांपर्यंत कैद ठरली. अंमलबजावणीची जबाबदारी धर्मव्यवहारमंत्र्यांवरच होती.

१९६९ साली सुगिहारा इस्रायलला आले, तेव्हा मंत्री वारहाफ्टिग यांनी त्यांचे स्वागत केले. ते परवाने शासनाच्या मान्यतेविना दिले होते, हे त्यांना त्या भेटीतच कळले.