कुर्ल्याची ‘आफत’

शीन-काफ दुरुस्त करणे हा माझा रोजचा व्यवसाय. उर्दू माध्यमात शिकवणाऱ्याचा कान तसाच घडतो. त्यामुळे नावेद शेखचे ‘आफत’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा ही कोणती जबान, हाच प्रश्न मनात आला. ती उर्दू नव्हे, हिंदीही नव्हे. मुंबईच्या मोहल्ल्यात मराठीशी घासून तयार झालेली बोली ती. अशा बोलीला आपण घरात जागा देतो, कागदावर देत नाही.

हे गाणे जानेवारी 2014 मध्ये यूट्यूबवर आले. नावेद तेव्हा वीस वर्षांचा, कुर्ला पश्चिमेचा. ‘नेझी’ हे त्याने घेतलेले नाव. मागे ना कोणती कंपनी, ना स्टुडिओ. वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर त्याने आवाज भरला, ताल इंटरनेटवरून उतरवला आणि त्याच यंत्रावर आपल्या वस्तीत चित्रण केले. रॅप आपल्याकडे नवे नव्हते. बाबा सहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ 1992 चे. पण ते बव्हंशी गंमतीचे गाणे होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 1973 च्या सुमारास गरीब काळ्या आणि लॅटिनो पोरांनी ही कला उभी केली ती आपल्या गल्लीची हकिकत सांगण्यासाठी. कुर्ल्याच्या पोराने ते मूळ धरले.

गाणे गाजले, पण आधी कोणाकडे? इंग्रजी वाचणाऱ्या, संगीताची मासिके चाळणाऱ्या मंडळींकडे. त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर ‘बॉम्बे 70’ हा लघुपट केला. 70 म्हणजे कुर्ल्याच्या पिनकोडाचे शेवटचे आकडे. मुंबईच्या चित्रपट महोत्सवात त्याचे कौतुक झाले. आपल्या लोकांचे काय? धार्मिक वळणाच्या घरात गाणे-बजावणे रुचत नव्हते, हे नावेदने स्वतः सांगितले आहे. पुढे ऐन भरात असताना तो काही काळ संगीतापासून दूरही राहिला. याला कोणी माघार म्हणेल, कोणी तौबा. मला त्यात आपल्या कितीतरी घरांतली ओढाताण दिसते, आणि तिचा निकाल लावण्याचा अधिकार मला नाही.

एप्रिल 2015 मध्ये डिव्हाईन, म्हणजे अंधेरीचा विव्हियन फर्नांडिस, याच्यासोबत त्याचे ‘मेरे गली में’ आले. या वेळी पाठीशी सोनी म्युझिक होती. ‘आफत’ पाहून झोया अख्तर यांचे लक्ष या पोरांकडे गेले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये ‘गली बॉय’ आला. त्यातला मुराद धारावीचा, म्हणून ती नावेदची हुबेहूब कहाणी नव्हे. तरी त्याच्या नावाआधी लोकांना रणवीर सिंगचा चेहरा आठवतो, हे मला खटकते.

आमच्या कुरखेड्यात गाणे पोहोचले ते चित्रपटामागून, मोबाईलवर. रेल्वे पकडायला वडसा गाठणारा आमचा भाग. कुर्ला इथून फार लांब. पण रात्र-रात्र दंडार आणि झाडीपट्टीची नाटके पाहणाऱ्यांना ठेक्यावर बोलणे काय नवे? प्रश्न नवेपणाचा नाहीच. पेशवाईतला लावणीकार सगनभाऊ मुसलमान होता. संयुक्त महाराष्ट्राचा डफ वाजवणारे अमर शेख हे मूळचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा अभिमान आपण साहित्य संमेलनात सांगतो. मग कुर्ल्याच्या पोराची पाळी आली की आपली मान का खाली जाते? डफ चालतो, आयपॅड चालत नाही?

मागे एका मुलाने निबंधाच्या वहीत मागच्या पानावर सती नदीच्या पुरावर आठ ओळी जुळवल्या होत्या. लिपी उर्दू, क्रियापदे आमच्या झाडीची, मध्येच ‘भाई’. सवयीने मी लाल पेन उघडले. दोन शब्दांखाली रेघ मारली आणि थांबलो. वही तशीच परत दिली. दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुट्टीत बाकावर ठेका धरून त्या ओळी म्हणत होता. रेघ मारलेले दोन्ही शब्द त्याने बदलले नव्हते.