तपासणीच्या चिठ्ठीची कुळकथा

ताठरता येत नाही, किंवा आली तरी टिकत नाही, ही तक्रार घेऊन पुरुष चांगल्या डॉक्टरकडे गेला की त्याच्या हातात लॅबची एक चिठ्ठी पडते. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, सकाळचे टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन कमी निघाले तर पुढे एलएच आणि प्रोलॅक्टिन, गरज वाटली तर थायरॉइड. मालेगावात मोसम नदीच्या एका काठाला कॅम्प-संगमेश्वर आहे, दुसऱ्या काठाला यंत्रमागांचे मोहल्ले. कुठल्याही काठावरचा माणूस ही चिठ्ठी वाचून बुचकळ्यात पडतो. महिनोन्महिने धीर गोळा करून तो आलेला असतो आणि डॉक्टर बघतात साखर आणि चरबी! लॅबशी काही टक्केवारी ठरली असेल, असेही त्याच्या मनात येते. हा संशय दूर करायचा तर या चिठ्ठीचे कूळ सांगावे लागते. तिच्यावरची एकही तपासणी या तक्रारीसाठी जन्मलेली नाही. सगळ्या दुसऱ्या आजारांच्या घरून दत्तक आलेल्या आहेत.

त्यातले सर्वांत जुने घर मधुमेहाचे, आणि त्याचा एक धागा मालेगावशी जुळतो. 1857 नंतर आग्रा रोडने उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हे गाव भरले. युनानी वैद्यक इथल्या पूर्व भागात आजही रोजच्या वापरात आहे. मन्सुऱ्यातल्या मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजात ते रीतसर शिकवले जाते, आणि कोरोनाच्या काळात याच कॉलेजच्या काढ्याने मालेगावचे नाव देशभर गेले. युनानी हकीम रोग्याची नब्ज पाहतो आणि करूरा पाहतो. करूरा म्हणजे काचेच्या भांड्यात घेतलेली लघवी. तिचा रंग, दाटपणा, वास, फेस आणि तळाशी बसलेला गाळ पाहून आत काय बिघडले ते ठरवायचे. तक्रार कुठलीही असो, शरीरातून बाहेर आलेल्या द्रवाला आधी विचारायचे, ही रीत प्रयोगशाळेच्या कित्येक शतके आधीची आहे. या परंपरेचा मोठा आधारग्रंथ इब्न सीनाचा 'कानून'. इब्न सीना 1037 साली वारला. मधुमेहाचे वर्णन करताना त्याने गोड लघवी आणि सडणारे अवयव यांच्याबरोबर कामशक्ती ढासळण्याचीही नोंद केली. साखर आणि ताठरता यांची गाठ इतकी जुनी आहे.

चरकसंहितेतही हा विचार आहे. मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे तिथे नोंदवले आहे, आणि क्लैब्याचे चार प्रकार सांगताना बीजाचा बिघाड, इंद्रियाचा आजार, म्हातारपण आणि शुक्राचा क्षय अशी कारणांची वाटणी केली आहे. उपचाराआधी कारण शोधावे, ही अपेक्षा आपल्याकडे परकी नव्हती. मोजण्याचे साधन तेवढे नव्हते.

ते साधन हळूहळू आले. 1776 मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मधुमेह्याची लघवी आटवून खाली राहिलेली साखर दाखवली. 1798 मध्ये जॉन रोलोने मधुमेही पुरुषांतल्या नपुंसकत्वाची नोंद केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. परीक्षानळीत थोडे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळी. निळा रंग कायम राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा चढत गेला तर साखरही तितकी चढलेली. गावोगावच्या दवाखान्यांत स्पिरिटच्या दिव्यावर ही नळी कित्येक दशके उकळत होती. करूरा पाहणाऱ्या डोळ्याला हा रंगांचा खेळ ओळखीचाच वाटला असणार. चिठ्ठीवरचे एचबीएवनसी मात्र बरेच अलीकडचे. 1968 च्या सुमारास तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होता, तेव्हा मधुमेह्यांच्या रक्तात त्याला एक वेगळा पट्टा दिसला. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर एका थेंबात सांगणारी तपासणी त्यातून उभी राहिली. 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त आकडा आला की मधुमेह.

पण मधली बरीच वर्षे या तक्रारीकडे कोणी नळी घेऊन गेलेच नाही. विसाव्या शतकाचा मोठा भाग असा गेला की ताठरतेचा दोष मनातच असतो, असे डॉक्टरही मानत. 1970 मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांचे गाजलेले पुस्तक आले, त्यातही भर मानसिक कारणांवरच होता. महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरे दिली, त्यासाठी कोर्टात उभे राहिले, आणि त्यांच्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचे ऋण मी फार मोठे मानतो, कारण प्रश्न उघड विचारता आला नाही तर तपासणीची वेळच येत नाही. 1960 मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 'धात सिंड्रोम' हे नाव दिले आणि वीर्य जाते म्हणून खंगणाऱ्या भारतीय तरुणांच्या भीतीची वैद्यकाने दखल घेतली. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग उभा केला. तरीही एसटी स्टँडच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' जाहिरातींनी जितके पुरुष ओढून नेले, तितके या सगळ्यांकडे मिळून आले नाहीत.

चिठ्ठीवरच्या टेस्टोस्टेरॉनची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. 1849 मध्ये जर्मनीत गटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्डने सहा कोंबडे घेतले. वृषण काढले की कोंबड्याचा तुरा सुकतो, आरवणे बदलते, भांडणे थांबतात. बेर्टहोल्डने काढलेले वृषण काही कोंबड्यांच्या पोटात पुन्हा बसवले. त्यांची जुन्या नसांशी जोडणी तुटलेली होती, तरी तुरा वाढला आणि कोंबडे आरवू लागले. म्हणजे काहीतरी रक्तातून जात होते. ते काहीतरी हातात यायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. 1931 मध्ये आडोल्फ बुटेनांटने पोलिसांकडून 15,000 लिटर लघवी जमवली आणि त्यातून अँड्रोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक काढले, अवघे 15 मिलिग्रॅम. चार वर्षांनी, 1935 मध्ये, ॲमस्टरडॅमला एर्न्स्ट लाक्वेरच्या गटाने सुमारे 100 किलो बैलांच्या वृषणांतून 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयारही केले, आणि 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांना मिळाले.

पदार्थ सापडला, पण माणसाच्या रक्तात तो किती आहे हे कसे सांगायचे? त्या काळी असा अर्क खच्ची केलेल्या कोंबड्याला टोचत आणि त्याचा तुरा किती वाढला ते पट्टीने मोजत. दवाखान्यात बसलेल्या रोग्याला या मोजमापाचा काय उपयोग! शंभर मिलिलिटर रक्तात हे संप्रेरक ग्रॅमच्या साधारण तेहेतीस लाखाव्या भागाइतके असते, आणि ठीक व कमी यांची सीमारेषा तिथेच कुठेतरी पडते. इतके बारीक मोजण्याची युक्ती पुन्हा मधुमेहाच्या घरातूनच आली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन इन्सुलिनचा अभ्यास करत होते. किरणोत्सारी खूण लावलेले इन्सुलिन आणि रोग्याच्या रक्तातले इन्सुलिन एकाच प्रतिपिंडाला चिकटण्यासाठी चढाओढ करतात. खूण लावलेल्यापैकी किती मागे पडले ते मोजले की दुसरे किती आहे ते कळते. 1960 च्या सुमारास ही पद्धत त्यांनी जगापुढे ठेवली आणि तिचे पेटंट घेतले नाही. दहाएक वर्षांत तीच पद्धत टेस्टोस्टेरॉनला लागू झाली. बर्सन 1972 मध्ये गेले, यालो यांना 1977 मध्ये नोबेल मिळाले. आज तालुक्याच्या लॅबमधल्या यंत्रात किरणोत्साराच्या जागी प्रकाश आला आहे, पण प्रतिपिंडाने संप्रेरक पकडून मोजायची कल्पना तिथलीच.

वेगवेगळ्या घरांतल्या या तपासण्या एका चिठ्ठीवर येऊ लागल्या त्या 1980 मध्ये. बोस्टनच्या रिचर्ड स्पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठरतेची तक्रार असलेल्या 105 पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन तपासले आणि 37 जणांत पिट्युटरी ते वृषण या साखळीत कुठेतरी बिघाड निघाला, ज्याची आधी कोणाला कल्पना नव्हती. काहींचे प्रोलॅक्टिन वाढलेले होते. माणसाचे प्रोलॅक्टिन हे स्वतंत्र संप्रेरक आहे, हेच मुळी त्याआधी जेमतेम दहा वर्षे सिद्ध झाले होते. ते फार वाढले असेल तर मेंदूच्या तळाशी पिट्युटरीत गाठ असू शकते. तिच्यावर गोळीने उपचार होतात आणि बऱ्याचदा तक्रारही जाते. मनाचा दोष म्हणून ज्यांना परत पाठवले जात होते, त्यांच्यात असे पुरुष होते. हा निबंध वाचताना मला त्या 37 जणांच्या आधीच्या वर्षांचा विचार सोडवत नाही.

लिपिड प्रोफाइल शेवटी आले, पण जिवाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे. फ्रेंच शल्यविशारद रने लरीश याने 1923 मध्येच दाखवले होते की पोटातली महाधमनी खालच्या टोकाला तुंबली तर पायात दम राहत नाही आणि ताठरताही जाते. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर सगळीकडे सारखाच साचतो, पण अरुंद वाट आधी बंद होते. म्हणून छातीत कळ येण्याच्या साधारण दोन-तीन वर्षे आधी ही तक्रार सुरू झालेली असते, असे हृदयरोग्यांच्या पाहणीत दिसले. पंचेचाळिशीतला पुरुष लाजेने गप्प बसतो, तेव्हा ही दोन-तीन वर्षे त्याच्या हातून जातात. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यांतल्या कित्येक पुरुषांना आपल्या साखरेचा पत्ता आधी या तक्रारीवरूनच लागू शकतो.

या तक्रारीची स्वतःची म्हणावी अशी तपासणीही आहे, फक्त ती लॅबमध्ये होत नाही. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्ने पडण्याच्या टप्प्यांत, आपोआप ताठरता येते. 1980 मध्येच अमेरिकेत एक साधा उपाय सुचवला गेला. टपाल तिकिटांची पट्टी झोपताना अवयवाभोवती गुंडाळून चिकटवायची आणि सकाळी भोकांच्या रेषेवर ती फाटली आहे का ते पाहायचे. फाटली असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा शाबूत, मग मनाकडे वळायचे. पुढे यंत्रे आली आणि तिकिटे मागे पडली.

मार्च 1998 मध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल या ताठरतेच्या गोळीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच आपल्याकडे स्वस्त गोळ्या आल्या. गोळी चांगली आहे, तिने असंख्य घरे सावरली. पण तिने चिठ्ठी मागे ढकलली. मेडिकलमधून परस्पर गोळी घेतली की साखर तशीच राहते, धमनी तशीच राहते. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याला तर हीच गोळी जिवावर बेतू शकते. आणि काही कारणे कुठल्याही नळीत दिसत नाहीत, ती विचारावीच लागतात: तंबाखू, दारू, रक्तदाबाची काही औषधे, मनावरचा ताण. मालेगावात तर 'कुत्ता गोळी'ही विचारावी लागते. अल्प्राझोलम नावाची ही झोपेची गोळी इथे नशेसाठी विकली जाते, पोलिसांचे छापे नेहमीचे झाले आहेत. मेंदू मंदावणारी ही औषधे कामेच्छाही मंदावतात.

चिठ्ठीवर 'सकाळी' हा शब्द का असतो, हेही मालेगावकरांनी समजून घ्यायला हवे. टेस्टोस्टेरॉन झोपेत चढते आणि जागे झाल्यावर पहिल्या काही तासांत सर्वांत वर असते. म्हणून नमुना साधारण सात ते दहाच्या दरम्यान घेतात, आणि कमी निघाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात. हा नियम रात्री झोपणाऱ्या माणसाचा आहे. रात्रपाळी करून सकाळी कारखान्यातून सुटलेला यंत्रमाग कामगार आठ वाजता लॅबमध्ये बसला तर तो रात्रभर जागलेला असतो आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो. त्याने दिवसा झोप पुरी करून उठल्यावर लगेच रक्त द्यावे, किंवा पाळी बदलून काही रात्री नीट झोपल्यावर द्यावे, आणि आपली पाळी कोणती ते लॅबवाल्याला आणि डॉक्टरला आधी सांगावे.