‘पेण’ हे व्हेरिएबलचे नाव म्हणून चालते का?

प्रोग्राममध्ये व्हेरिएबल, फंक्शन वगैरेंना दिलेल्या नावाला आयडेंटिफायर म्हणतात. हे नाव देवनागरीत चालेल का, ते प्रोग्रामिंगच्या भाषेवर अवलंबून असते. रायगड जिल्ह्यातली पेण आणि रोहा ही नावे घेतली तर फरक लगेच दिसतो.

पायथॉनमध्ये २००८ च्या ३.० आवृत्तीपासून दोन्ही चालतात. यूनिकोड प्रत्येक चिन्हाला एक वर्ग देते आणि पायथॉन त्यावरून निर्णय घेते. संगणकासाठी ‘पेण’ म्हणजे तीन चिन्हे : प, एकाराची मात्रा आणि ण. नावाची सुरुवात अक्षराने हवी; मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि आकडे नंतर येऊ शकतात. म्हणून ‘रोहा१’ चालते, ‘१रोहा’ चालत नाही. ‘पेण-रोहा’ लिहिले तर पेणमधून रोहा वजा होते! तिथे अंडरस्कोर वापरावा : ‘पेण_रोहा’. इमोजीला प्रवेश नाही, पण ॐ चालतो. यूनिकोडच्या लेखी ते अक्षर आहे.

गो या भाषेत मात्र पेण आणि रोहा दोन्ही नापास होतात. तिथे फक्त अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. मात्रा ‘अक्षर’ या वर्गात येत नाही. शेजारचे ‘उरण’ तेवढे पास होते, कारण त्यात एकही मात्रा नाही. मराठीत मात्रेशिवाय नावे शोधत बसायचे, म्हणजे हा नियम आपल्यासाठी जवळपास निरुपयोगीच.

खरी फसगत ‘किनाऱ्या’सारख्या शब्दात होते. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सहसा सारखेच दिसतात. पायथॉन पहिला प्रकार स्वीकारते आणि दुसऱ्याला एरर देते. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते, पण दोन वेगळी नावे समजून. मग एका कीबोर्डवरून ठेवलेले नाव दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केले की प्रोग्राम म्हणतो, असे नावच नाही.

तपासायला पायथॉनमध्ये सोय आहे. ‘इज’ आणि ‘आयडेंटिफायर’ हे इंग्रजी शब्द लहान लिपीत जोडून होणारी मेथड स्ट्रिंगवर चालवली की नाव वैध आहे की नाही ते कळते. लपलेले चिन्ह पकडायचे असेल तर लांबी मोजावी : ‘किनाऱ्या’ पहिल्या प्रकारे ८ चिन्हांचा भरतो, दुसऱ्या प्रकारे ९.