आरोपी : चाळीस पिंपं

अमेरिकेच्या कायद्यात एक गंमत आहे. भेसळीचा माल पकडला की खटला कंपनीवर न भरता थेट मालावरच भरता येतो. म्हणून तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या दप्तरात एका खटल्याचं नाव चक्क 'अमेरिका विरुद्ध कोकाकोलाची चाळीस पिंपं आणि वीस छोटी पिंपं' असं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पिंजऱ्यात ओळीने उभी केलेली पिंपंच दिसायला लागली.

अटलांटाहून चॅटनूगाला आलेला हा कोकचा पाक सरकारने ऑक्टोबर १९०९ मध्ये जप्त केला. त्यामागे होते कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली. अन्न टिकवायला वापरतात ती द्रव्यं माणसाला बाधतात का, हे पाहायला त्यांनी १९०२ पासून धडधाकट तरुणांना जेवणासोबत टाकणखार, फॉर्मालिन असलं काहीबाही खाऊ घातलं होतं. (तेही राजीखुशीने!) १९०६ चा शुद्ध अन्नाचा कायदा मुख्यतः त्यांच्याच खटपटीतून झाला.

कोकवर आरोप दोन. त्यात कॅफीन हा अपायकारक पदार्थ मिसळलाय, हा पहिला. दुसरा त्याहून मजेशीर : नाव कोका-कोला, पण आत कोका नाही आणि कोलाही असलाच तर नावापुरता. कंपनीने आधीच त्यातलं कोकेन काढून टाकलं होतं. आता नावच खोटं ठरत होतं.

खटला मार्च १९११ मध्ये उभा राहिला, तोही चॅटनूगात, जिथे कोकच्या बाटल्या भरण्याचा मोठा धंदा होता. कॅफीनचा माणसाच्या डोक्यावर काय परिणाम होतो याचा धड पुरावा कंपनीकडे नव्हता. म्हणून तिने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला पैसे देऊन कामाला लावलं. त्याने अट घातली : निष्कर्ष काहीही निघो, मी ते छापणार, आणि तुम्ही ते जाहिरातीत वापरायचे नाहीत. मग त्याने आणि त्याची बायको लीटा हिने न्यूयॉर्कमध्ये १६ जणांवर ४० दिवस चाचण्या घेतल्या. कुणाच्या कॅप्सूलमध्ये कॅफीन आहे आणि कुणाच्या साधी दुधातली साखर, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसायचं आणि चाचणी घेणाऱ्यालाही. थोड्या कॅफीनने अपाय दिसला नाही.

एवढं होऊन हा पुरावा निकालात मोजलाच गेला नाही. न्यायाधीश सॅनफर्ड यांचं म्हणणं पडलं की कॅफीन कोकच्या मूळ कृतीतच आहे, मग ते 'मिसळलेलं' कसं? त्यांनी ज्युरीला कंपनीच्या बाजूनेच निकाल द्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी वायलींनी सरकारी नोकरी सोडली.

कॅफीनच्या बाबतीत वायली जरा हट्टालाच पेटले होते, असं मला वाटतं. कॉफीच्या पेल्यातही ते असतंच की. पण सॅनफर्ड यांचा तर्क त्याहून धोक्याचा होता. तो मानला, तर दुधात युरिया कालवायचा, त्या पेयाला नवीन नाव द्यायचं आणि 'आमची कृतीच अशी' म्हणून मोकळं व्हायचं! १९१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती ह्यूज यांनी नेमकी हीच पळवाट बुजवली. कृतीत असला तरी तो मिसळलेलाच पदार्थ; अपायकारक आहे की नाही ते ज्युरी ठरवेल, असं म्हणत त्यांनी खटला परत पाठवला.

ज्युरीपुढे तो पुन्हा उभा राहिलाच नाही. १९१७ मध्ये कंपनीने तडजोड केली, खटल्याचा खर्च भरला, कोकमधलं कॅफीन निम्म्यावर आणलं आणि आपली पिंपं सोडवून घेतली.