परभणी : शहराची वाढ आणि पाणी

मराठवाड्यातील परभणी या जिल्ह्याच्या ठिकाणाची वाढ आणि त्या वाढीला लागणारे पाणी व जमीन यांच्यातील ताण हा या नोंदीचा विषय. शहराची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 2 लाख 59 हजार होती. 2011 मध्ये ती 3 लाख 7 हजारांवर गेली आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. ही वाढ कारखानदारीतून झालेली नाही. निजामी राजवटीत आलेला मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग, परळीकडे फुटणारा फाटा, कापसाची बाजारपेठ, जिल्ह्याची कचेरी आणि 18 मे 1972 रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ (2013 पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) यांनी हे शहर मोठे केले. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर परभणीकडे नऊ तालुके राहिले.

शहराचे पाणी. परभणीचा पाणीपुरवठा दीर्घकाळ पूर्णा नदीवरील राहाटी बंधाऱ्यावर अवलंबून होता. बंधारा आटला की जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणातून पाणी सोडले जाई. ते आधी खालच्या सिद्धेश्वर धरणात आणि तिथून नदीपात्राने राहाटीला येई. उन्हाळ्यात कोरडे पडलेले पात्र आधी आपली तहान भागवी, दोन्ही काठांवरचे कृषिपंप आपला वाटा घेत, आणि मग उरलेले शहराच्या वाट्याला येई. एका शहराची तहान भागवण्यासाठी धरणातून कितीतरी पट पाणी सोडावे लागे. येलदरीहून थेट जलवाहिनी टाकण्याची योजना त्यासाठी आखली गेली. लहान व मध्यम शहरांसाठीच्या केंद्रीय कार्यक्रमातून तिची सुरुवात झाली, ती वर्षानुवर्षे रखडली आणि अखेर अमृत योजनेतून पुरी झाली. धर्मापुरी येथील जलशुद्धीकरण केंद्र याच योजनेचा भाग आहे. शहराच्या इतिहासात रस्ते आणि इमारतींपेक्षा या जलवाहिनीचे मोल अधिक मानावे लागेल, कारण तिने पाण्याची वाटेतली गळती थांबवली.

जलवाहिनी आली म्हणून धरण भरते असे मात्र नाही. 1968 मध्ये पूर्ण झालेल्या येलदरीवर परभणीखेरीज जिंतूर, वसमत, हिंगोली अशा गावांची तहान आणि पूर्णा प्रकल्पाचे सिंचन अवलंबून आहे. वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा प्रकल्प झाल्यापासून येलदरीत येणारा येवा घटला, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. परभणीच्या प्रश्नाची खरी अडचण इथेच आहे. शहर वाढते इथे, पण त्याच्या पाण्याचा निर्णय दुसऱ्या जिल्ह्यांत होतो.

कालव्याचे टेल. जिल्ह्याच्या शेतीबाबतही हेच घडते. पैठणच्या जायकवाडी धरणाचे भूमिपूजन 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. 208 किलोमीटरचा डावा कालवा जालना जिल्हा ओलांडून पाथरी, मानवत, परभणी तालुक्यांत उतरतो, म्हणजे जिल्ह्याला मिळतो तो कालव्याचा शेवटचा पट्टा. आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात येते, पण पाणी टेलच्या चारीत पोहोचेपर्यंत वरच्या वितरिकांचे भिजणे उरकलेले असते आणि खालच्या शेतकऱ्याची पाळी हुकते. कालव्याचे अस्तरीकरण जागोजाग उखडले आहे, झाडोरा माजला आहे. दुरुस्तीचा एक रुपया टेलला जितका उपयोगी पडतो, तितका दुसरा कुठलाही खर्च पडत नाही.

धरणाच्या वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे ही धरणे आहेत. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील तूट सर्वांनी समप्रमाणात सोसावी हे तत्त्व आणले. 2013 ची मेंढेगिरी समिती, प्राधिकरणाचा 2014 चा आदेश आणि मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2016 चा निकाल यांनी ते तत्त्व पक्के केले. दरवर्षी 15 ऑक्टोबरला साठ्याचा हिशेब होतो आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडावे लागते. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला मिळालेले हे सर्वांत भक्कम कायदेशीर संरक्षण आहे आणि ते सहजासहजी मिळालेले नाही.

जायकवाडीवर खुद्द छत्रपती संभाजीनगरची भिस्त आहे. शेंद्रा–बिडकीन औद्योगिक नगरी ऑरिकलाही याच जलाशयाचे पाणी लागते. 2011 मध्ये राज्याने पाणीवाटपाचा प्राधान्यक्रम बदलून शेतीला उद्योगाच्या वर, पिण्याच्या पाण्याखालोखाल स्थान दिले. 2016 च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी कापण्याचा आदेश द्यावा लागला. संभाजीनगरातील रोजगार परभणीच्या तरुणांनाही हवा आहे. म्हणूनच त्या महानगराने सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कारखान्यांना द्यावे, ही मागणी टेलच्या शेतकऱ्याच्या हिताची ठरते.

ऊस. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे झाले आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या पट्ट्यात ऊस फोफावला. तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी 2019 मध्ये मराठवाड्यात ऊसबंदीची शिफारस केली. ती अमलात आली नाही. केवळ बंदीने प्रश्न सुटलाही नसता, कारण उसाइतका खात्रीचा भाव देणारे दुसरे पीक शेतकऱ्यापुढे नाही. सर्व ऊस ठिबकखाली आणणे आणि कापूस, तूर, सोयाबीनच्या खरेदीची हमी देणे ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील.

काळी जमीन. शहराभोवतीची खोल काळी माती पावसाळ्याचा ओलावा धरून ठेवते. रब्बीची ज्वारी आणि करडई या पिकांना त्यामुळे कालव्याची वाट पाहावी लागत नाही. दिवाळीनंतर एकही सर न पडता कणीस भरते. विद्यापीठाचे परभणी मोती हे ज्वारीचे आणि परभणी कुसुम हे करडईचे वाण याच जमिनीसाठी तयार झाले. हे बिनखर्चाचे सिंचन आहे. वसमत, गंगाखेड, पाथरी, जिंतूर या चारही रस्त्यांवर अशीच जमीन अकृषक होऊन प्लॉट पडत आहेत. चुना लावलेले हद्दीचे दगड रोवले जातात, मुरमाचा रस्ता होतो आणि पाठोपाठ प्रत्येक घरामागे बोअर येतो. खाली कातळ बेसाल्टचा आहे. त्याच्या भेगांत साठणारे पाणी थोडे असते आणि एकमेकांना लागून घेतलेले बोअर एकमेकांचेच पाणी ओढतात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे, परंतु नियमित झालेल्या वस्तीला पाणी कुठून देणार याचे उत्तर त्यातून मिळत नाही. परवानगी देण्यापूर्वीच हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. पिंगळगड नाल्यासारख्या जुन्या प्रवाहांच्या काठी भर टाकून बांधकाम होते तेव्हा एकाच वर्षात पूर आणि टंचाई दोन्ही सोसावी लागते.

जालना–नांदेड हा समृद्धी महामार्गाला जोडणारा 179 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग जिल्ह्यातून आखलेला आहे. प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही परभणी असून त्याला शेतकऱ्यांचा विरोध आहे. अशा मार्गांच्या फाट्यांवर गोदामे आणि कारखाने उभे राहतील. तिथे कमी पाण्यावर चालणाऱ्या उद्योगांना पहिली जागा मिळावी. सेलू आणि मानवतच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये आज कापसाच्या गाठी बांधल्या जातात आणि पुढचे काम व त्यातला नफा परगावी जातो. सूत इथेच कातले, कापड इथेच विणले, करडईचे तेल इथेच गाळले, तर टेलच्या पाण्याला फारसा हात न लावता जिल्ह्यातल्या तरुणांना गावाजवळ काम मिळू शकेल. रंगाई मात्र भरपूर पाणी पिते आणि नदी नासवते. तिला प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची अट घातल्याशिवाय पूर्णेच्या किंवा दुधनेच्या काठी परवानगी देऊ नये.