तांबड्या डगल्यांची उतरंड

बेलापूरचा किल्ला 1817 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. आता नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या खाडीकाठी उरलाय तो टेहळणीचा बुरूज आणि थोडे पडके अवशेष. कंपनीचं पायदळ तेव्हा तांबडे डगले घालत असे. लांबून सगळे सारखेच दिसत. जवळ गेल्यावर मात्र साहेब कोण आणि शिपाई कोण, हे रंगच सांगे. ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठाच्या मुळांत रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा, स्वस्तातला. साहेबाचा ‘स्कार्लेट’: झळझळीत, नारिंगी झाक मारणारा आणि अर्थातच महाग.

शाळेतला शब्दकोश रेड, स्कार्लेट, क्रिमसन या तिघांनाही ‘लाल’ म्हणून मोकळा होतो.

स्कार्लेट मुळात रंग नव्हताच. मध्ययुगीन युरोपात ते उंची लोकरी कापडाचं नाव होतं, आणि ते कापड निळंही मिळे. सगळ्यांत भारी थान मात्र तांबडं असे. हळूहळू कापड मागे पडलं नि नाव रंगाला चिकटलं. त्याच गोतातला शब्द फारसीमार्गे मराठीत आला, पण तो कापडापाशीच थांबला: सकलाद. क्रिमसनचं नातं आणखी जवळचं. भूमध्य समुद्राकाठच्या ओकवर वाढणाऱ्या किड्याला अरबीत किर्मिझ म्हणत. तिकडे त्याचा क्रिमसन झाला, इकडे किरमिजी. हा लाल जांभळ्याकडे कललेला.

सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी मेक्सिकोतून निवडुंगावरचा कोचिनील किडा आणला आणि जुना किर्मिझ मागे पडला. अर्धा किलो कोचिनीलसाठी सुमारे 70 हजार वाळवलेले किडे लागत. गंमत रंगाऱ्याच्या कढईत होती. लोकरीला तुरटीचं पाणी पाजलं तर याच किड्यातून किरमिजी उतरे. कथलाचं द्रावण घातलं की लखलखीत स्कार्लेट. कथलाची ही युक्ती सतराव्या शतकातली, लंडनमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाच्या नावावर सांगितली जाते. म्हणजे इंग्रजी भाषा ज्यांना दोन रंग मानते, त्यांत किडा एकच. फरक तुरटी आणि कथलाचा!

1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठातलं रंगद्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवलं. थोड्याच वर्षांत युरोपातली मंजिष्ठाची शेतं ओस पडली. रंगाचा धंदा शेतातून कारखान्यात गेला. पुढे ठाणे–बेलापूर पट्ट्यात उभ्या राहिलेल्या नोसिल, हर्डिलियासारख्या रसायन कारखान्यांचा वंश तोच.

1870 च्या दशकात ब्रिटिश शिपायालाही स्कार्लेट डगला मिळाला. पण तोवर पेशावरकडच्या पलटणींत खाकी रुळली होती. 1902 मध्ये ब्रिटिश सैन्याने तीच रोजच्या गणवेशासाठी घेतली, आणि स्कार्लेट लंडनच्या राजवाड्यापुढच्या पहाऱ्यासारख्या समारंभांपुरता राहिला.