दरीची धार कशी झाली

टेंभुर्णीच्या आसपासचा मुलूख सपाट. पुणे-सोलापूर महामार्गाला इथे करमाळ्याकडून नगरचा रस्ता येऊन मिळतो आणि जवळच उजनीला भीमा अडवलेली आहे. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. आहेत ते माळ, मुरमाचे उंचवटे आणि अधूनमधून काळ्या रानाचे पट्टे. अशा गावाच्या नावावर मंगळावरच्या डोंगरधारांची कुळकथा सांगायची म्हणजे फारच लांबची सोयरीक जुळवल्यासारखं वाटेल. मला ती तितकी लांबची वाटत नाही.

मंगळाच्या उत्तर गोलार्धात अरेबिया टेरा नावाचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. मंगळावर पूर्वी पाऊस पडत असेल तर इथेही पडला असणार, असं हवामानाची गणितं सांगत होती. पाऊस म्हटला की ओढे-नाले आले. पण जुन्या चित्रांत इथे दऱ्या दिसेनात. मग मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या कॅमेऱ्यातून सहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी चित्रं मिळू लागली. जोएल डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाळून २०१६ साली निष्कर्ष मांडला : नद्या इथेही होत्या, एकूण १७,००० किलोमीटरहून लांब. फक्त त्या खाली नव्हत्या, वर होत्या. जमिनीतून उठलेल्या, नदीसारख्याच वळणं घेत जाणाऱ्या, फाटे फुटलेल्या धारा. उंची साधारण ३० मीटर, रुंदी काही ठिकाणी एक-दोन किलोमीटर. शोधणारे खड्डे शोधत होते आणि उत्तर उंचवट्यात बसलं होतं.

हे होतं कसं? नदीच्या तळाशी गोटे आणि वाळू साचते. त्यात झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना, लोह किंवा सिलिका येते आणि दगडगोटे एकमेकांना सांधते. कधी लाव्हाच दरीत उतरतो आणि तिथेच थिजतो. कसंही झालं तरी तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कठीण होतो. पुढे नदी आटते किंवा दुसरीकडे वळते. मऊ असतं ते वारा-पाणी उचलून नेतं, कठीण असतं ते मागे राहतं. शेतातली सिमेंटची जुनी चारी भोवतालची माती वाहून गेल्यावर जशी उघडी पडते, तसंच हे. काळ मात्र लाखो-कोटी वर्षांचा. भूशास्त्रात याला उलटं भूरूप म्हणतात. मंगळावर धुपेचं काम मुख्यतः वाऱ्याने केलं, आणि त्याला वेळेची कमतरता नव्हती. तिथल्या या नद्या साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या आहेत.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलं म्हणावं, तर तसंही नाही. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातले सोनं शोधणारे टेबल माउंटन नावाच्या लांबट, सपाट माथ्याच्या डोंगराखाली बोगदे खणत होते. डोंगराचा माथा लाव्हाचा, आणि त्याखाली पुरलेल्या जुन्या नदीच्या गोट्यांत सोनं! डोंगर ही एकेकाळची दरी आहे हे त्यांना पोटापाण्यापायी कळलं. भूशास्त्रात पुष्कळदा असंच झालेलं आहे.

मंगळाच्या बाबतीत ठळक पुरावा २००३ साली आला. मायकेल मालिन आणि केनेथ एजेट यांनी मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने टिपलेला एका विवरातला त्रिभुज प्रदेश जगापुढे ठेवला. आज त्या विवराला एबर्सवाल्डे म्हणतात. तिथल्या नदीच्या वळणदार फाट्यांच्या धारा झाल्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या पातळ्यांवर एकमेकींना ओलांडून जातात. एका पुरात असं घडत नाही. पाणी बराच काळ वाहत होतं, प्रवाह पुन्हा पुन्हा जागा बदलत होता, तेव्हाच असं जाळं तयार होतं.

अर्थात प्रत्येक धार नदीची नसते. जमिनीच्या भेगेत लाव्हा शिरून थिजला की भिंत तयार होते. तिला डाईक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे अशा दोनशेहून अधिक भिंती आहेत आणि त्यांच्या सरळसोट टेकड्या लांबूनही ओळखू येतात. मंगळावर शार्प पर्वताच्या उतारावर क्युरिऑसिटी गाडी २०२५ मध्ये जाळीदार धारांच्या प्रदेशात पोचली. त्या धारा भेगांत साचलेल्या खनिजांच्या आहेत. सरळ धार दिसली तर भेग, वळणदार दिसली तर नदी किंवा लाव्हाचा पाट, हा ढोबळ ठोकताळा. फसवतोही.

महाराष्ट्रात या कथेचा सर्वात मोठा दाखला पाचगणीला आहे, आणि टेबललँडवर घोडागाडीत बसणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नसते. तिथला जांभा म्हणजे सगळ्यात वरच्या लाव्हाथराचं जागच्या जागी झालेलं रूपांतर, दख्खनच्या थरांचा मूळ माथा, असं मानलं जाई. क्लिफ ऑलियर आणि मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी २००८ साली वेगळं सांगितलं : नकाशावर हे जांभ्याचे तुकडे पाहिले तर त्यांची मांडणी नदीच्या जाळ्यासारखी दिसते. म्हणजे लोहाने घट्ट झालेले ते जुन्या नद्यांचे पट्टे, आणि आज ते उलटून माथ्यावर बसले आहेत. हे खरं असेल तर सह्याद्री कसा आणि कधी उचलला गेला याचा हिशेब बदलतो. मला त्यांचा युक्तिवाद पटतो, पण वाद मिटलेला नाही हेही सांगितलं पाहिजे.

भीमेच्या खोऱ्यात दुसरा मुद्दा आहे : वळणदार धार नदीऐवजी लाव्हाचीही असू शकते. दौंडजवळच्या लाव्हाथरात लाव्हाच्या नळ्यांची, म्हणजे थिजलेल्या कवचाखालून लाव्हा वाहत गेलेल्या वाटांची, रचना असावी, असं पुण्याच्या अभ्यासकांनी २००४ साली मांडलं. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘शक्य’ हा शब्द ठेवला. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

आणि टेंभुर्णीच्या बाजूला? इथे उलटलेली नदी आहे असा दावा मी करणार नाही. पण तिचं बी दख्खनच्या नद्यांच्या काठी आहे. नदीकाठच्या उभ्या दरडीत पिवळसर मातीच्या तळाशी बेसॉल्टच्या गोट्यांचा थर असतो. पांढरट चुन्याने तो इतका घट्ट सांधलेला असतो की हातोडी मारली तर गोटा फुटतो, सांधा सुटत नाही. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अशाच थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली. वरची माती धुपून गेली आणि हा थर उरला, तर धारेची सुरुवात झाली समजा.

हे थर मुरूम-खडी म्हणून सर्रास उचलले जातात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं तेव्हा काठ उघडे पडतात. त्या दिवसांत कुणाला असा सांधलेला थर दिसला तर फोटो काढा, जागा टिपून घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला कळवा. दरडीच्या अगदी खाली मात्र उभे राहू नका. वरची माती केव्हाही सुटते.